सात वेढे, बारा झाडं

इंदिराबाई सहाणेवर मुळी उगाळायच्या तेव्हा त्यांचे ओठ हलत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई मंत्र पुटपुटताहेत. मी वडशाच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा माणूस, माझ्या कपाळाला लगेच आठी. पण मंत्रबिंत काही नव्हतं. त्या मोजत होत्या. बाळाला गुटी देताना हळकुंडाचे, जायफळाचे वेढे मोजतात ना, तसे. सात वेढे झाले की मुळी बाजूला, सहाणेवर चमचाभर पाणी, आणि ते कडूजहर पाणी वाटीत. एक वेढा कमी नाही, एक जास्त नाही.

गावाचं नाव सांगणार नाही. वडशापासून चार कोसांवर, वैनगंगेच्या काठचं, साठेक घरं मासे धरणाऱ्या ढिवरांची, एवढं पुरे. त्या घरातल्या पोरींची लग्नं अजून व्हायची आहेत, आणि आपल्याकडे रोगाआधी रोगाची बातमी पोचते.

माझी त्यांची ओळख झाली चौऱ्याण्णव साली, बाबूभाईंच्या दुकानात. बाबूभाई म्हणजे वडशाचे जडीबुटीचे व्यापारी. हिरडा, बेहडा, डिंक, मुळ्या, साली, सगळं त्यांच्याकडे पोत्यांनी. मी तिथे विद्यार्थ्यांसाठी नमुने घ्यायला जायचो. त्या दिवशी एक किडकिडीत बाई सर्पगंधेच्या पोत्यापुढे उकिडवी बसली होती. तिने एक मुळी मोडली, हुंगली, जिभेच्या टोकाला लावली आणि परत पोत्यात टाकली.

"हे ते नोहोय, बाबूभाई."

"अरे बाई, जंगल से ही आया है. कसम से."

"जंगलातूनच आलं असन. पण हे ते नोहोय."

मी शहाणपणाने मुळी उचलली, खिशातलं भिंग लावलं. बाईचं खरं होतं. ती सर्पगंधेची चुलतबहीण होती, दिसायला तशीच, गुणाला कमी. दोन पदव्या आणि एक भिंग खर्च करून मी जिथे पोचलो तिथे ही बाई जिभेच्या टोकाने पोचली होती. मला राग आला, खोटं कशाला बोलू. मग विचारलं, कशाला हवी आहे मुळी?

"भूपेशच्या बाबाले. त्याचे हातपाय नाचते."

"कोण भूपेशचे बाबा?"

बाबूभाई हसले. "सोमाजी को नहीं पहचानते, सर? अपने नाटकवाले सोमाजी!"

न ओळखून कसं चालेल? दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की वडशातून नाटक कंपन्या निघतात त्या होळीपर्यंत गावोगाव फिरतात, आणि त्या चार महिन्यांत आमच्या झाडीपट्टीत सोमाजींचं नाव नायिकेच्या नावाच्या वर छापलं जाई. विनोदी नट. रंगमंचावर पाऊल टाकलं की माणसं हसायला लागत, कारण ते पाऊल सरळ पडतच नसे. पुढे टाकलेला पाय मधूनच भलतीकडे वळे. खांदा उचके. हात आपल्या मनाने उडे, आणि उडालेला हात सोमाजी असा काही केसांवरून फिरवत की जणू केस नीट करायलाच उचलला होता. 'काय अंग दिलं आहे देवानं!' लोक म्हणत. ब्याण्णवच्या हिवाळ्यात मीही पोट धरून हसलो होतो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो होतो. ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

कारण ती कला नव्हती. सोमाजींचा बाप दंडारीत नाचायचा, त्याचंही अंग असंच उडायचं, आणि गावाने ठरवून टाकलं होतं की हा गुण या घरात बापाकडून पोराकडे येतो. सोमाजींनाही तसंच वाटे. हसणाऱ्या चार हजार माणसांपुढे उभं राहून 'मला काहीतरी होतंय' असं कोणाला वाटेल?

इंदिराबाईंना वाटलं. त्यांनी ते नाटकात पाहिलं नाही, जाळ्यात पाहिलं.

"फेकजाळं टाकाव तं ते गोल उघडाले पायजे, सर," त्या मला म्हणाल्या होत्या. "याचं जाळं गोळा होऊनच पडे पाण्यात. मी काठावर उभी राहून पाहो. नाटकात ज्या हाताले टाळ्या, तोच हात तलावावर जाळं उघडू देत नाई. तवाच समजलं मले."

समजलं, आणि त्या सासूकडे गेल्या. सासूने नवऱ्याचं हेच दुखणं पंधरा वर्षं काढलेलं. तिनेच ही मुळी दाखवली, वेढे शिकवले आणि झाडाला निवतं द्यायची रीत सांगितली. मुळी काढायची तर आदल्या संध्याकाळी झाडाच्या बुडाशी पाच तांदूळ हळद लावून ठेवायचे: उद्या ये, आमच्या घरी काम आहे. सकाळी खणताना कोणी बोलायचं नाही. आणि मुळी सगळी घ्यायची नाही, एक तुकडा परत मातीत ठेवून वर माती ओढायची. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. शोधनिबंध दिसत होता मला.

त्या निबंधाच्या नादानेच पंच्याण्णव साली मी सोमाजी आणि इंदिराबाईंना नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी सोमाजींना चालायला लावलं, जीभ बाहेर काढून धरायला सांगितली. जीभ धरून ठेवता येईना, सापाच्या जिभेसारखी आतबाहेर होऊ लागली. सोमाजींना वाटलं डॉक्टर हसतील. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी बापाचं विचारलं, आज्याचं विचारलं आणि रोगाचं नाव सांगितलं: हंटिंग्टन. रक्तातून उतरणारा. मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात, त्यावर जगात कुठेच औषध नाही.

मग मी वेढ्यांचं सांगितलं. डॉक्टर खुर्चीत पुढे झाले. त्या मुळीच्या सालीत रेसर्पिन नावाचा रेणू असतो, तो चाळीस वर्षांपूर्वीच शोधला गेला आहे, आणि या रोगातलं अंगाचं उडणं त्याने खरोखर कमी होतं, असं ते म्हणाले. माझा निबंध तिथेच वारला.

पुढचं त्यांनी इंदिराबाईंना समजेल असं सांगितलं, आणि मलाही तेव्हाच नीट समजलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. त्या निरोपांची रसायनं लहान लहान पिशव्यांत भरून ठेवलेली असतात. हात हलव, हा निरोप त्यातूनच जातो. आणि सकाळी उठावं, जगावं, कोणाशी बोलावं, हा निरोपही बराचसा त्यातूनच. रेसर्पिन त्या पिशव्या भरूच देत नाही. म्हणून अंग थांबतं. पण जास्त झालं तर मनही थांबतं. रक्तदाब पडतो, नाक चोंदतं, माणूस उदास होतो, इतका की जीव द्यावासा वाटतो.

"सातात हात थांबते," इंदिराबाई म्हणाल्या. "नवात माणूस थांबते. मी नऊ देऊन पाह्यले होते एक डाव. आठ दिवस भिंतीकडे तोंड करून रडे."

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले. मग एवढंच म्हणाले की सातच्या वर जाऊ नका, दर महिन्याला रक्तदाब मोजा, आणि मन बुडतंय असं वाटलं तर मला कळवा.

निघताना इंदिराबाईंनी विचारलं, "पोराइले?"

डॉक्टरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "प्रत्येक मुलाला आठ आणे शक्यता. मुलगा असो की मुलगी."

परतीच्या बसमध्ये माणसं भांडत होती जागेवरून, सोमाजी खिडकीशी झोपले होते. झोपेत त्यांचं अंग अगदी शांत असे. इंदिराबाई बोटं मोजत होत्या. एकदम म्हणाल्या, "सर, मले दोन लेकरं. आठ आणे न आठ आणे एक रुपया. म्हंजे एकाले येइन, एकाले नाई येणार."

मी म्हणालो, तसं नाही बाई. प्रत्येकाचं वेगळं. दोघांनाही येऊ शकतं, दोघांनाही नाही येऊ शकत.

"मंग आठ आणे कायचे?"

मी पुन्हा समजावलं. छापा-काट्याचं उदाहरण दिलं. त्या ऐकत होत्या, पण रुपया त्यांच्या मुठीत पक्का बसला होता. दुखणं बापाकडून पोराकडे जातं, गाव म्हणतंच होतं. म्हणजे भूपेशला जाणार आणि लेक रीता सुटणार. अर्धं घर तरी वाचलं! त्यांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की मला ती मोडवेना. दमलोही होतो. नंतर कधीतरी सांगू म्हटलं. ते नंतर कधी आलं नाही, आणि याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

पुढची पाच-सहा वर्षं मी त्या घरी जात राहिलो. आधी रक्तदाब मोजायला, मग सवयीने, मग मायेने. सोमाजींचं आणि इंदिराबाईंचं भांडण दर दिवाळीला ठरलेलं. सात वेढ्यांत सोमाजी जाळं टाकू शकत, भात सांडत नसत, पण त्या सात वेढ्यांत लोकांना हसवायचं अंग राहत नसे. कंपनीचा मालक म्हणे, सोमाजी, पाणी कमी झालं तुमचं. म्हणून नाटकाच्या दिवसांत सोमाजी म्हणत, चारच दे.

"पडशीन कुठी तरी त्या मचाणावरून," इंदिराबाई ओरडत.

"पडलो तं आणखी हासतीन," सोमाजी म्हणत.

शेवटी तह झाला. नाटकाचे चार, घरचे सात. थंडीभर इंदिराबाई तोंडातल्या तोंडात शिव्या देत चार वेढे उगाळत. एकदा मी सोमाजींना विचारलं, "लोक तुमच्या दुखण्याला हसतात, तुम्हाला वाईट वाटत नाही?" ते चोंदलेल्या नाकातून म्हणाले, "दुखणं तं हायच, सर. नाई हासले तरी हायच. हासले तं निदान कोणाच्या कामी पडलं."

दरम्यान भूपेश वाढत होता. वडील थकले तशी कंपनीने त्याला घेतलं, आणि घेतलं ते वडिलांची चाल करण्यासाठी. तो आरशापुढे उभा राहून तीच चाल घोटवी. वळणारा पाय, उचकणारा खांदा, केसांवरून फिरणारा हात, सगळं हुबेहूब. इंदिराबाईंच्या जिवाला तेव्हापासून स्वस्थता नाही. पोरगा नाटक करतो आहे की नाटक आता त्याला करतं आहे, हे कसं ओळखायचं? त्या तो जेवताना त्याच्या बोटांकडे बघत, चप्पल घालताना अंगठ्याकडे बघत. मीही बघे. आम्ही दोघं त्या पोराकडे असे बघत बसायचो की तो वैतागून ताट घेऊन ओसरीवर जाई. डॉक्टर म्हणाले होते, मोठ्या शहरांत रक्ताची चाचणी होते. भूपेश म्हणाला, "समजून का करू? औषध हाय का?" त्याचंही खरं होतं. मी कुठे कुठे वाचत होतो, हळदीतल्या पिवळ्या रेणूवर, चहाच्या पानातल्या रेणूवर प्रयोग चालले होते. पण ते फळमाश्यांवर आणि उंदरांवर. माणसाच्या मेंदूतली मरणारी पेशी वाचवेल असं झाड अजून कोणाच्या जंगलात सापडलेलं नव्हतं.

नव्याण्णवच्या दिवाळीत रीता माहेरी आली होती. चिमूरकडे दिलेली, नवरा सोसायटीत नोकरीला, लहान मुलगी कडेवर. इंदिराबाईंनी तिचं लग्न निर्धास्त मनाने केलं होतं, सुटलेली पोर म्हणून. चहा आणताना तिच्या हातून बशी पडून फुटली. आई म्हणाली, "धसमुसळी कुठची!" मग ती बसून बोलत होती आणि बोलता बोलता सारखा खांद्यावरचा पदर सावरत होती. सावरलेला पदर पुन्हा सावरत होती. मी थट्टेने म्हणालो, "काय गं रीता, पदर पळून चाललाय का?" ती हसली. आम्ही सगळे हसलो. आणि पुन्हा भूपेशच्या बोटांकडे बघायला लागलो.

सोमाजी दोन हजार एकच्या जानेवारीत गेले. शेवटच्या वर्षी घास अडकायला लागला होता, वाटीतलं पाणीही ठसक्याने बाहेर येई. वेढ्यांचा तिथे काही इलाज नव्हता. मुळी हालचाल आवरत होती, पेशी मरत होत्या त्या मरतच होत्या. वडशाच्या कंपनीने हार पाठवला. कोणीतरी म्हणालं, मरताना चेहरा कसा शांत होता. मला त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

त्या पावसाळ्यात मी गेलो तर इंदिराबाई सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, माती भुसभुशीत करत होत्या. सर्पगंधेची रोपं लावत होत्या, एका ओळीत बारा. जंगलात आता खरी मुळी मिळत नव्हती, बाबूभाईंकडे तर चुलतबहीणच येत होती.

"आता कोणासाठी, बाई?"

"भूपेशसाठी." त्या मान वर न करता म्हणाल्या. "मुळीले तीन साल लागते. आज लावली तं लागन तवा कामी येइन."

"आणि नाही लागली तर?"

"नाई लागली तं सोनं झालं, सर. फुलं पाहू."

फुलं सुंदर येतात तिला, लाल देठांवर पांढरी. मी दर वर्षी जाऊन ती फुलं पाहिली. बारा झाडं गुडघ्याच्या वर गेली, एकाही झाडाला हात लागला नाही, आणि भूपेशचा हात भरल्या कपातला चहा सांडत नव्हता. आम्ही हळूहळू श्वास सोडायला शिकलो. दोन हजार चार साली मी निवृत्त झालो, बायकोच्या आजारपणात नागपूरला अडकलो आणि दोन वर्षं जाणं झालं नाही.

दोन हजार सहाच्या मंडईच्या दिवसांत पुन्हा गेलो. ऊन उतरलं होतं. पुढच्या दारी कोणी दिसेना म्हणून मी बाजूने सरळ सांदवाडीत गेलो. झाडं तशीच होती, पिकलेल्या काळ्या फळांनी लगडलेली. पहिल्या झाडाच्या बुडाशी माती झाडून साफ केलेली होती, आणि तिच्यावर हळद लावलेले पाच तांदूळ होते.

निवतं दिलं होतं. उद्या मुळी निघणार होती. मी मनात म्हणालो, भूपेश. अरे भूपेश.

तेवढ्यात भूपेशच मागच्या दाराने आला. हातात दोन कप, काठोकाठ भरलेले. बशीत थेंब नव्हता. मी त्याच्या हातांकडे इतका वेळ पाहिलं की शेवटी तोच म्हणाला, "माह्याकडं नोका पाहू, सर." आणि त्याने मानेने ओसरीकडे दाखवलं.

ओसरीवर खाटेवर रीता बसली होती. दोन मुली तिला चिकटून, थोरली आठेक वर्षांची, धाकटी चार-पाच. रीताच्या पायाची बोटं नसलेली पेटी वाजवत होती. खांदा उचकला, हात वर उडाला, आणि उडालेला हात तिने पदर सावरायला नेला. सोमाजी केसांवरून फिरवत, तसाच. नव्याण्णवच्या दिवाळीत माझ्यासमोर तिनेच नेला होता, तसाच. मी तेव्हा त्यावर विनोद केला होता.

"या ना सर," रीता म्हणाली. शब्द जड येत होते. "पदर अजून पळूनच राह्यला."

मला रडू आलं. लपवलं नाही. त्या घरात माझं काही लपवण्यासारखं उरलं नव्हतं.

सोमवारी तिला नागपूरला न्यायचं, डॉक्टरांकडे आता प्रयोगशाळेत बनवलेली, याच वळणाची गोळी असते, ती विचारायची, असं ठरलं. तोवर तीन वेढे द्यायचं इंदिराबाईंनी ठरवलं होतं. रीता बापाच्या निम्म्या वजनाची, म्हणून तीन. मी मान हलवली. माझ्याजवळ त्यांच्यापेक्षा चांगला हिशोब नव्हता.

सकाळी उजाडताच त्यांनी सब्बल घेतली. भूपेश आणि मी बाजूला उभे. कोणी बोललं नाही. त्या झाडाभोवती हळूहळू खणत गेल्या, हाताने माती काढली, मुळी एकही तंतू न तोडता वर आणली. एक बोटभर तुकडा मोडून खड्ड्यात उभा लावला, माती ओढली, तळहाताने दाबली. मग तिथेच बसून राहिल्या. आता बोलायला हरकत नव्हती.

"तुमी सांगतलं होतं सर, बसमंधी. येगळे येगळे आठ आणे. मीच रुपया करून बसली. रीताच्या वाट्याचं सारं मी भूपेशवर पाहत राह्यली. पोरीकडे एक डाव डोळे भरून पाह्यलं नाई."

"मी पण नाही पाहिलं, बाई. मला तर माहीत होतं."

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. ओसरीवरून धाकट्या मुलीचा आवाज येत होता, ती ताईकडे चिंचा मागत होती.

"आता समजलं," इंदिराबाई बोटं मोजत म्हणाल्या. "भूपेशचे आठ आणे अजून हायच. थोरलीचे येगळे. धाकटीचे येगळे." तीन बोटं झाली. त्यांनी उरलेल्या अकरा झाडांवरून नजर फिरवली. "पुरत नाई, सर. बी वेचू लागा."

ते बी शंभरातलं वीसही उगवत नाही, हे मी वर्गात तीस वर्षं शिकवलं होतं. तरी मी खाली बसलो आणि पिकलेली काळी फळं ओंजळीत गोळा करायला लागलो.